आधी मंडळीला विचारा, मग पावतीपुस्तकं छापा

माननीय पाळकसाहेब, पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद आणि मंडळीतील भावाबहिणींनो,

प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासनेनंतर जाहीर झालं की चर्चच्या छपराची दुरुस्ती करायची, अर्धवट राहिलेला हॉल पुरा करायचा, त्यासाठी पुन्हा निधी उभारायचा आणि नवी पावतीपुस्तकं छापायला टाकली आहेत. पुष्कळांनी मनापासून 'आमेन' म्हटलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. का निघालं नाही, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे. उघड लिहिण्याचं कारण असं की खासगीत बोललेलं आपल्याकडे कुजबुज होऊन फिरतं. शिवाय हा प्रश्न एकट्या आपला नाही. नगरपासून कोल्हापूरपर्यंत जिथे जिथे जुन्या मिशनच्या मंडळ्या आहेत, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारती आहेत, गळकी छपरं आहेत, आणि परदेशातून मिशनचा पैसा यायचे दिवस कधीच सरले आहेत.

चर्चच्या मागे जाऊन एकदा पाहा. हॉलचं जोतं बांधून झालेलं आहे आणि कॉलमच्या सळ्या छातीइतक्या वर काढून ठेवल्या आहेत. त्यांना आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गुंडाळल्या होत्या. नाताळ झाला की काम सुरू करायचं होतं. त्या गोष्टीला तेरा नाताळ झाले. गोण्यांच्या चिंध्या उडून गेल्या, सळ्यांचा गंज पावसात ओघळून जोत्यावर तांबडे पट्टे उमटले, आणि संडे स्कूलची मुलं त्या सळ्यांना पाण्याच्या बाटल्या अडकवतात. त्या मुलांना वाटतं, ते तसंच असतं.

त्या वेळी खजिनदार मी होते. पै न पैचा हिशेब माझ्याकडे आहे आणि कोणीही एक रुपया खाल्ला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तो हिशेब आम्ही मंडळीपुढे नीट ठेवलाच नाही. पैसे संपले, काम थांबलं, आणि वाईट वाटलं म्हणून गप्प बसलो. आमच्या गप्प बसण्याचा अर्थ लोकांनी त्यांच्या परीने लावला. पुढच्या दोन वर्षांत रविवारचं साधं अर्पणही घसरलं. त्याचा दोष मी इतर कोणावर टाकत नाही. तो आम्हा कमिटीवाल्यांचा होता, आणि त्यात माझा वाटा होता.

आमचं चुकलं कुठे, हे मला कळायला वर्षं लागली. आम्ही एकूण खर्चाला घरांच्या संख्येने भागलं आणि दर घरामागे सारखी वर्गणी ठरवली. गावच्या जत्रेला, गल्लीच्या मंडपाला ठरवतात तशी. वाटलं, सगळ्यांना सारखंच, म्हणजे न्याय झाला.

आपल्या मंडळीतल्या एक मावशी बालवाडीत खिचडी शिजवायच्या. त्यांनी ती वर्गणी तीन हप्त्यांत दिली. पहिल्या दोन वेळा पैसे रुमालाच्या गाठीतून सोडून दिले. तिसऱ्या वेळी पावतीवर सही करताना माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या होत्या, पाटल्या नव्हत्या. मी काही विचारलं नाही, त्या काही बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात आम्ही अशा एका घरी गेलो, जिथे दोन्ही मुलं परदेशात होती आणि दारात नवी गाडी होती. त्यांनी आनंदाने तेवढीच रक्कम दिली, चहा पाजला, पावती घेतली. त्यांनी कंजुषी केली असं मी म्हणणार नाही. आम्ही मागितलं तेवढं त्यांनी दिलं. मागतानाच आम्ही एकीकडे फार मागितलं आणि दुसरीकडे फार थोडं.

आता हीच गोष्ट आकड्यांत पाहा. समजा, छप्पर आणि हॉल मिळून ९० लाख लागणार आहेत आणि आपली ३०० घरं आहेत. सरळ भागाकार केला तर घरटी ३० हजार. निम्म्या घरांना ते झेपणार नाहीत आणि ज्यांना झेपतील ते तेवढ्यावरच थांबतील. म्हणजे सुरुवातीलाच गणित तुटलं. आता दुसऱ्या रीतीने मांडा. एक घर १५ लाख, दोन घरं ८-८ लाख, पाच घरं ४-४ लाख, बारा घरं दीड-दीड लाख. वीस घरांत ६९ लाख होतात. उरले २१ लाख आणि २८० घरं. घरटी सरासरी साडेसात हजार, तेही तीन वर्षांत. महिन्याला २०८ रुपये पडतात. बालवाडीतल्या मावशींना पाटल्या विकाव्या लागणार नाहीत. मिझोरामच्या मंडळ्यांतल्या स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींवर तिथल्या चर्चचं केवढं तरी काम चालतं. लहान दानाची किंमत मी मुळीच कमी लेखत नाही. पण मुठीने भरायचं मापही मुठीचंच असावं.

जगभर मोठा निधी उभारणारी जाणकार माणसं हाच तक्ता आधी मांडतात. किती रकमेची किती दानं लागतील, आणि त्या एकेका दानासाठी निदान तीन-चार कुटुंबांशी बोलावं लागेल, हे ते सुरुवातीलाच लिहून काढतात. आता प्रश्न असा की १५ लाख देऊ शकेल आणि देईल, असं घर आपल्यात आहे का? मला माहीत नाही. पाळकसाहेब, आपल्यालाही माहीत नसावं. अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर जोतं बांधलं की काय होतं, ते मागच्या अंगणात दिसतंच आहे.

म्हणून माझी पहिली विनंती. पावतीपुस्तकांची छपाई थांबवा आणि निधी उभारणीच्या कामाचा अनुभव असलेला एक बाहेरचा सल्लागार ठरावीक मुदतीसाठी नेमा.

'बाहेरचा' हा शब्द ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे. आपल्या घरचं परक्याला कशाला सांगायचं? पण पहिलं काम असं आहे की ते परक्यालाच जमतं. मागण्याच्या आधी चाचपणी करावी लागते. मंडळीतल्या तीस-चाळीस माणसांना, फक्त पैसेवाल्यांना नव्हे, एकेकट्याने भेटून विचारायचं: हे काम गरजेचं वाटतं का, आधी छप्पर की आधी हॉल, कमिटीवर भरवसा आहे का, साधारण किती द्याल, आणि मागच्या वेळचं मनात काय सलतं आहे? या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला कोणी देणार नाही, कारण मीच तेव्हा खजिनदार होते. पाळकसाहेबांना देणार नाही, कारण त्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यायचं असतं. तुमचं नाव कोणाला सांगणार नाही, असं वचन देणाऱ्या त्रयस्थाला लोक सांगतील. त्याने नावं गाळून, जसं आहे तसं कमिटीपुढे ठेवायचं. ९० लाखांऐवजी ४० लाखांचीच ताकद आहे असं निघालं, तर तेही कामाचंच. मग आधी छप्पर करू.

'कोणाला बुरुज बांधायचा असेल तर तो आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही काय?' अशा अर्थाचा प्रभूचा प्रश्न लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे. पाया घालून पुरं करता आलं नाही तर बघणारे हसतील, हेही तिथेच सांगितलेलं आहे.

'देव पुरवील' असं म्हणणाऱ्या वडीलमंडळींचा मला आदर आहे. मीही तेच म्हणते. पण बायबलमधल्या '२ राजे' या पुस्तकाचा बारावा अध्याय पुन्हा एकदा वाचावा अशी माझी त्यांना विनंती आहे. योवाश राजाने मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसा घ्यायला याजकांना सांगितलं. त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी दुरुस्ती झाली नाही. याजक लबाड होते असं शास्त्र म्हणत नाही, फक्त ते काम त्यांच्याकडून झालं नाही. तेव्हा यहोयादा याजकाने पेटी घेऊन तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत, थैल्यांत बांधत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. त्यांनी सुतार, गवंडी, पाथरवट यांना मजुरी दिली. मागणारा एक, मोजणारे दोघं, खर्च करणारा तिसरा. ही व्यवस्था पवित्र शास्त्रातलीच आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मराठी घरातलं. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. त्यांना विधवांसाठी शाळा काढायची होती. ते काम चर्चच्या बांधकामाचं नव्हतं, पण पद्धत पाहा. आधी त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहून हिंदू स्त्रीची स्थिती आणि आपली योजना लोकांपुढे मांडली. आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. गावोगावी भाषणं केली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि त्याने दहा वर्षं मदत देण्याची जबाबदारी घेतली. गावोगावी लहान मंडळं निघाली, त्यांतले सभासद वर्षाला निदान एक डॉलर द्यायला बांधलेले. मगच ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. दहा वर्षांची मुदत भरल्यावर १८९८ मध्ये बाई स्वतः पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि काय झालं ते देणाऱ्यांपुढे उभं राहून सांगितलं. योजना लेखी, वचनं मुदतीची, व्यवस्थापन समितीकडे आणि शेवटी जाब द्यायला स्वतः. ज्या बाईचा आपण अभिमान बाळगतो, तिच्याकडून एवढं घेऊ या. त्याच रमाबाईंना प्रेरणा देणाऱ्यांत ब्रिस्टलच्या अनाथाश्रमांचे जॉर्ज म्युलर होते. त्यांनी माणसांकडे कधी पैसा मागितला नाही, केवळ प्रार्थना केली, आणि तरीही आलेल्या देणग्यांचे बारीक हिशेब छापून काढले.

मुंबईचं सेंट थॉमस कॅथीड्रल तर अर्धवट भिंतींचंच उदाहरण आहे. चर्चगेट हे नाव ज्या चर्चवरून पडलं, ते हे. मुंबईचे इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आंजियर यांच्या काळात, सतराव्या शतकात, बांधकाम सुरू झालं. ते वारले आणि भिंती चाळीसएक वर्षं तशाच उभ्या राहिल्या. १७१५ मध्ये रिचर्ड कॉब या पाद्रीने तो विषय पुन्हा हाती घेतला, उपदेश केला, वर्गणी सुरू केली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. चाळीस वर्षं अडलेलं काम तीन वर्षांत झालं. आपलं तर तेराच वर्षं अडलेलं आहे.

आता सल्लागाराच्या पैशाबद्दल. इथे मी कमिटीइतकीच कडक आहे. मागच्या महिन्यात कोणीतरी येऊन 'जमेल त्याच्या दहा टक्के द्या, नाही जमलं तर काही देऊ नका' असं सांगून गेल्याचं कानावर आलं. ऐकायला गोड वाटतं. कृपा करून त्याला हो म्हणू नका. मावशींच्या साडेसात हजारांतले साडेसातशे कोणाच्या तरी खिशात जाणार, हे मावशींना सांगायची माझी हिंमत नाही. आणि ज्याची कमाई आकड्यावर अवलंबून, तो घाई करणार, गळ घालणार, भीड घालणार. निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांची असोसिएशन ऑफ फंडरेजिंग प्रोफेशनल्स नावाची मोठी संघटना आहे, तिच्या आचारसंहितेतही टक्केवारीवर काम करायला मनाई आहे. फी ठरावीक असावी, किती दिवसांचं काम आणि त्यात काय काय, ते कागदावर असावं, आणि देणगीचा एकही रुपया सल्लागाराच्या हातातून जाऊ नये. त्याने चाचपणी करावी, निवेदन लिहायला मदत करावी, वेळापत्रक आखून द्यावं आणि आपल्या माणसांना कसं बोलायचं ते शिकवावं.

मागायला मात्र आपणच जायचं. हे काम विकत मिळत नाही. आणि जाणाऱ्याने आधी स्वतःचं दिलेलं असावं. बायबलमधलं '१ इतिहास' हे पुस्तक, एकोणतिसावा अध्याय: दावीदाने मंदिरासाठी आधी आपल्या खजिन्यातलं सोनं-रुपं दिलं, मग वडीलधाऱ्या सरदारांनी दिलं, आणि मग लोकांनी आनंदाने दिलं. म्हणजे मंडळीत जाहीर घोषणा व्हायच्या आधी पाळकसाहेब, कमिटी आणि ती वीसएक घरं यांची वचनपत्रं हातात हवीत. निम्म्याहून जास्त रक्कम ठरलेली असेल तरच घोषणा करायची. घोषणेच्या दिवशी लोकांना कळलं पाहिजे की हे होणार आहे.

आणखी दोन जाणकार लागतील. एक, जुन्या दगडी इमारतींचं काम जाणणारा आर्किटेक्ट. आपल्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. मागे त्यांना आतून सिमेंटचा गिलावा केला, तेव्हापासून ओल भिंतीतच कोंडली जाते आणि रंगाचे पोपडे पडतात. पुल्पिटशेजारी, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाजवळ, पावसाळ्यात पत्र्याचा डबा ठेवावा लागतो, गीत थांबलं की थेंब ऐकू येतो. मंगलोरी कौलं काढून पत्रा टाकला की प्रश्न सुटला, असं कमिटीत बोललं गेलं. पण छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या किती पोखरल्या गेल्या आहेत, ते कोणी वर चढून पाहिलेलं नाही. तो अहवाल आल्याशिवाय ९० लाख हा आकडासुद्धा माझ्या मनाचाच आहे.

दुसरा, ट्रस्टचं काम करणारा सीए. देणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ८०-जी, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत, मिळेल का? एकाच धर्मसमाजाच्या उपासनास्थानाला ती सवलत सहसा मिळत नाही. ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या स्थळाच्या दुरुस्तीला ती मिळू शकते. आपण त्यात नाही. तेव्हा उगाच हो म्हणून कोणाचा विश्वास गमावू नका. परदेशातल्या मुलांचंही तसंच. ज्यांच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय देणगी धरला जात नाही. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्यांच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड, असलं तरी त्यांचा पैसा एफसीआरए या परकीय देणगी कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, आणि २०२० च्या कायदा-दुरुस्तीपासून तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. हौसेने आलेला एक चेक ट्रस्टला अडचणीत आणू शकतो.

कोपऱ्यावरची जागा बिल्डरला देऊन टाकू, हा विचार कमिटीत पुन्हा डोकं वर काढतो आहे, असं ऐकते. कर्ज काढू, असंही. दोन्हीसाठी धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हे तर आहेच. पण परवानगी मिळाली तरी माझा विरोध राहील. ती जागा आपण मिळवलेली नाही. ज्यांनी मिळवली ते मागच्या दफनभूमीत झोपलेले आहेत. आधी आपण आपल्या खिशात हात घालून पाहू.

सगळ्यांत आधी मात्र एक काम करू या, त्याला सल्लागारही लागत नाही. मागच्या निधीचा हिशेब. किती जमले, किती खडीला, किती सळईला, किती मजुरीला, किती शिल्लक आणि ते कोणत्या खात्यात, हे सगळं एका पानावर छापून दारात लावू. चोपड्या माझ्या कपाटात कापडात बांधून ठेवल्या आहेत. पुढच्या रविवारी मी त्या घेऊन येते आणि उपासनेनंतर बाहेरच्या बाकावर बसते. ज्याला जे विचारायचं असेल ते विचारावं. मावशी आता राहिल्या नाहीत, पण त्यांच्या नातवाला मी मुद्दाम बोलावलं आहे. त्यांच्या तीन पावत्यांच्या कार्बनच्या प्रती त्याला दाखवायच्या आहेत.

आणि माझं वचन असं. महिन्याला ३,००० रुपये, ३६ महिने. पेन्शनमधून तेवढं जमतं, मी हिशेब करून पाहिला आहे. हे वचनपत्र सही करून बंद पाकिटात पाळकसाहेबांकडे दिलं आहे. वर्गणीची जुनी पद्धत ठरली तर पाकीट परत करावं, घरटी ठरेल ती वर्गणी मी देईन. चाचपणी करायचं ठरलं तर ते उघडावं.

कमिटीची पुढची बैठक उपकारस्तुतीच्या सणाच्या आधी आहे. विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि निर्णय काहीही झाला तरी तो त्या रविवारी मंडळीला वाचून दाखवावा, ही नम्र विनंती.

आपलीच,
मंडळीची एक सभासद व माजी खजिनदार